चार रिकामी घरं

वडनेर भोलजी
८ जानेवारी २०२४

महामाया,

जयभीम. तुह्यं पाकीट शनिवारी भेटलं. गुलाबराव पोस्टमननं रस्त्यातूनच हाक देली, "बाई, बुलढान्याहून भाचीचं कोडं आलं." आता सारं गाव मले विचारते, सिंधूताई, रिटायर झाल्यावर हे काय लेकराचे खेळ लावले? मी म्हन्तो, तुमी पारावर पत्ते कुटता तवा मी विचारतो का?

तू म्हन्तं मोठा फोन घे, फोटो पाठवत जा. कायले? या गावच्या पोस्टात बसून मी जनमभर दुसऱ्याईची पत्रं वाटली, मले कोनं दोन ओळी नाई लिवल्या. आता तू लिवतं तं मी ते सुख सोडू? अन् सरकारी मराठीत शेरे मारू मारू माह्या हात वाकडा झाला. आता जसं बोलतो तसंच लिवीन. समजलं नाई तं तुह्या बापाले विचारजो, प्रेमानंदाले समजते आपल्या बहिनीचं.

सुडोकूचं कोडं सुटलं. पयले जावा-जावा केल्या. एका ओळीत दोन घरं अशी सापडली का तिथी चार अन् नऊशिवाय काहीच बसत नाई. मंग त्या दोघी जावा त्या दोन खोल्याईत. कोन कोनत्या खोलीत ते मागून पाहू, पन त्या ओळीत दुसरीकडं चार-नऊले जागा नाई. मंग बाज टाकली. दोन आडव्या ओळीत पाचाले दोन-दोनच जागा, अन् त्याही एकाखाली एक, बाजीच्या चार पायावानी. म्हनजे त्या दोन उभ्या रकान्यात बाकी कुठंच पाच येऊ शकत नाई. तुह्या मोबाइलात याले काही इंग्रजी नाव असन. माह्याकडं बाजच.

पन तू जो चार कोपऱ्याचा डाव लिवून पाठवला, तो मले पटला नाई. तू म्हन्तं, चारही कोपऱ्यात तेच दोन आकडे उरले तं कोड्याले दोन उत्तरं होतीन, अन् कोड्याले दोन उत्तरं कधीच नसते, म्हनून एका कोपऱ्यात तिसराच आकडा भरून मोकळं व्हा. हा तं मांडनाऱ्यावर भरोसा ठेवनं झालं. मांडनाराच चुकला असन तं? पाकिटावरचा पत्ता बरोबरच असन असं धरून मी टपाल वाटलं असतं, तं अर्धं वडनेर दुसऱ्याची पत्रं वाचत बसलं असतं.

नवं कोडं धाड. कठीन धाड.

तुही आत्या

•

बुलढाणा
१५ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. तुझं पत्र वाचनालयाच्या टेबलावरच उघडलं आणि एकटीच हसत बसले. पेपर वाचायला आलेले म्हातारे माझ्याकडे बघायला लागले.

मांडणाऱ्यावर भरोसा ठेवू नको म्हणतेस, पण आत्या, नीट मांडलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. तोच तर या खेळाचा करार आहे. एवढा संशय घेऊन कसं चालेल?

आता खरी बातमी. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, ४ फेब्रुवारीला, सुडोकूची स्पर्धा ठेवली आहे. अध्यक्ष शेषरावजींची कल्पना. त्यांना फार हौस आहे, शेवटचं कोडं ते स्वतः निवडणार आहेत. मी इथं कामाला असल्यामुळे मला बसता येत नाही, पण तू ये. जिल्ह्यातून लोक येणार आहेत, क्लासवाले, बँकेतले, कॉलेजातले. त्यांना दिसू दे बाज कशी टाकतात ते. नांदुऱ्याहून मोताळामार्गे येणारी एसटी धर आणि पुढे खिडकीशी बस, राजूर घाटात तुला मळमळतं.

एकच सांगते, ऐक. खात्री झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही तुझी सवय त्या दिवसापुरती घरी ठेव. शेवटी दोन-चार घरं अडलीच तर सरळ तुक्का मार. घर रिकामं दिसलं की पेपर नंबरातून बाद करणार आहेत.

तुझी महामाया

•

वडनेर भोलजी
२२ जानेवारी २०२४

महामाया,

येतो. नाव टाकजो. वय विचारलं तं खरंच सांगजो.

तयारी करून राह्यली. आता 'मधला मानूस' बसवला. एका घरात दोन नाई तं पाच. त्याच्या एका बाजूच्या घरात दोन नाई तं आठ, दुसऱ्या बाजूच्या घरात पाच नाई तं आठ. मधला दोन झाला तं इकडं आठ, मधला पाच झाला तं तिकडं आठ. म्हनजे आठ या दोघाईपैकी एकाकडं जानारच, अन् ज्या घराले हे दोघंही दिसतात तिथून आठ काढून टाका. सोयरीक जुळवनारा मानूस कसा, तो स्वतः काय हाय ते कधी सांगत नाई, पन दोन्ही घराईतलं काम करून जाते.

तुक्क्याचं म्हनशीन तं माह्यानं होनार नाई. ज्या घराचा जबाब मले देता येत नाई, त्या घरात मी आकडा लिवत नसतो. पेपर बाद करतीन तं करू दे.

आत्या

•

बुलढाणा
७ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. तू काहीच न सांगता निघून गेलीस. बक्षीस-वाटपात तुझं नाव पुकारलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, तर तुझी खुर्ची रिकामी. बाहेर धावले, तोवर तू स्टँडवर पोचली असशील.

सोबतच्या पार्सलात तुझं उत्तेजनार्थ बक्षीस आहे, पोळ्या ठेवायचा डबा आणि प्रमाणपत्र. शेषरावजी माइकवर काय म्हणाले ते मनावर घेऊ नकोस. "वयाच्या मानानं आजींनी फार छान प्रयत्न केला, फक्त चार घरं राहिली, टाळ्या वाजवा." कौतुकानंच म्हणाले ते.

पण आत्या, खरं सांगू का? मला वाईट वाटलं. इतकं अवघड कोडं तू जवळजवळ सगळं सोडवलंस. वेळ होता, तरी तुला पेन ठेवून हाताची घडी घालून बसलेलं मी दारातून पाहिलं. दमली होतीस का? डोळे दुखत होते? तुझ्या पेपरावर लाल शाईत 'अपूर्ण' लिहिलं आणि तो कपाटात गेला. पहिलं बक्षीस चिखलीच्या गोकुळ सरांना मिळालं, ते क्लास घेतात. तेसुद्धा शेवटच्या चार घरांशी खूप वेळ अडले होते असं म्हणाले.

पुढच्या वर्षी पुन्हा बस. तब्येतीला जप.

तुझी महामाया

•

वडनेर भोलजी
१२ फेब्रुवारी २०२४

महामाया,

डबा परत पाठवून राह्यली. प्रमानपत्रबी त्यातच हाय, घडी न घालता. माह्या घरात पोळ्या गरम राह्यतात.

दमली होती का म्हनून विचारतं? नाई दमली. डोळे साबूत हायत. तू तं मले ओळखतं, तूबी बाकीच्यावानीच पाह्यलं का म्हातारी थकली?

ऐक मंग. चौथ्या अन् सहाव्या ओळीत, दुसऱ्या अन् आठव्या रकान्यात, अशी चार घरं शेवटले उरली. चौघाईतबी तीन अन् सात, बाकी काही नाई. वर तीन-सात ठेवलं तं खाली सात-तीन. वर सात-तीन ठेवलं तं खाली तीन-सात. दोन्ही करून पाह्यलं. ओळी जुळतात, रकाने जुळतात, नऊ-नऊ घराईचे डबेबी जुळतात. कुठंच काही अडत नाई. म्हनजे त्या कोड्याले दोन उत्तरं हायत. तुह्याच चार कोपऱ्याचा डाव समोर येऊन बसला होता.

आता एक उत्तर भरलं असतं तं तो तुक्का झाला असता. मी घरं रिकामी ठेवली अन् खाली साफ अक्षरात लिवलं, "या कोड्याला दोन उत्तरे आहेत, दोन्ही बरोबर आहेत." सरकारी मराठीत लिवलं का त्याईले समजन. कोनं वाचलं ते? एकानंही नाई. चार घरं रिकामी दिसली अन् लाल शाई उचलली.

माह्या पेपर अपूर्ण नाई. त्या साऱ्या हॉलमंधी एकच पेपर पूरा होता, तो माह्या. माह्या बाप सांगे, कोनी आपल्याले अर्धं म्हनलं तं ऐकून घ्यायचं नाई, त्यासाठी आपल्या लोकाईनं लय सोसलं. मले बक्षीस नको. मले तो 'अपूर्ण' खोडून पायजे. तुह्या अध्यक्षाले हे पत्र दाखव.

आत्या

•

बुलढाणा
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. तू बरोबर आहेस. मी कपाट उघडून तुझा पेपर काढला, दोन्ही उत्तरं मांडली आणि दोन्ही जुळली. खाली तुझी ओळही होती, स्वच्छ. थकलीस असं मला वाटलं, याची लाज वाटते.

हे कसं झालं तेही कळलं. मी शेषरावजींना सहज विचारल्यासारखं केलं, कोडं कुठून घेतलं म्हणून. तर ते खुशीत आले. म्हणाले, "पुस्तकातलंच आहे, पण मी त्याला जरा अवघड केलं. दिलेल्या आकड्यांतला एक सात पुसून टाकला. आकडा कमी, तितकं कोडं कठीण." कोपऱ्यातला सात, आत्या. तुझ्या चार घरांपैकी एक. तो असता तर उरलेली तीन घरं आपोआप भरली असती. एक अंक पुसला की कोडं कठीणच होतं असं नाही, कधीकधी ते कोडंच राहत नाही, हे त्यांच्या गावीही नाही.

तुझं पत्र मात्र मी त्यांना दाखवलं नाही. जाऊ दे ना आता. वर्धापनदिन झाला, फोटो छापून आले. ते मोठे माणूस आहेत, भर सभेत कोडं स्वतः निवडलं म्हणून सांगितलं आहे. माणूस वाईट नाही. तुझ्याकडे येऊन मी स्वतः माफी मागते, आणि तुझा पेपर बरोबर होता हे आपल्या दोघींना तर माहीत आहे. पुरे नाही का तेवढं?

तुझी महामाया

•

वडनेर भोलजी
२६ फेब्रुवारी २०२४

महामाया,

नाई पुरे.

माइकवर साऱ्या जिल्ह्यासमोर अपूर्ण म्हनलं, अन् बरोबर म्हनायचं तं दोघीच्या कानात? वा. तू कोनाच्या बाजूनं बोलून राह्यली ते मले समजत नाई. लहानपनी तुले उन्हाळ्यात गनितं घालत होती तवा तू रडून रडून भांडत होती का माह्यं उत्तर बरोबर हाय. ते भांडन कुठं गेलं? बुलढान्याच्या हवेत उडालं का?

मी आज तुह्या अध्यक्षाले रजिस्टर पत्र टाकलं, पोचपावतीसकट. दोन्ही उत्तरं मांडून देली. पुसलेल्या आकड्याचंबी लिवलं. तुह्यं नाव कुठंच नाई, घाबरू नको. त्या चार घराईतला एक आकडा गायब हाय हे मी कोडं उलटं सोडवूनही काढू शकतो, अन् काढलंबी.

आत्या

•

वडनेर भोलजी
११ मार्च २०२४

महामाया,

जयभीम. पाकीट परत आलं. वर शेरा, "घेण्यास नकार". त्यानं पाठवनाऱ्याचं नाव वाचलं अन् हातच लावला नाई. हा शेरा मी दुसऱ्याच्या पाकिटावर कितीदा लिवला असन, माह्या पाकिटावर पयल्यांदा आला. पन तुले एक सांगतो, नाकारलेलं पत्र पोचलेलंच धरतात. त्यानं फोडलं नाई म्हनून काय झालं, आत काय हाय हे त्याले पक्कं मालूम हाय. मालूम नसतं तं घेतलंच असतं.

काल प्रेमानंद आला होता. त्यानं सांगतलं का तुही नोकरी करारावरची हाय, मार्च संपला का संपते, अन् नव्या ऑर्डरीवर सही त्याच शेषरावची लागते. तू मले हे काऊन नाई सांगतलं? मी तुले घालूनपाडून बोलली, तू ऐकून घेतलं. म्हनली असती का आत्या, माह्या पोटाचा सवाल हाय, तं मी रजिस्टर टाकलं असतं का?

आता मी थांबतो. चार घरं रिकामी राह्यली तं राह्यली. तू काही करू नको, सही घे. पाकीट यासोबत पाठवतो, ते फाडून टाकजो. माह्यानं फाडवत नाई.

तुही आत्या

•

बुलढाणा
१९ मार्च २०२४

आत्या,

जयभीम. पाकीट फाडलं नाही. काय केलं ते सांगते, आणि मधेच रागावू नकोस.

नोकरीचं तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. आणि तू थांबावंस असंही वाटत होतं, म्हणून 'माणूस वाईट नाही' वगैरे लिहीत बसले. तुझं अकरा तारखेचं पत्र आलं, त्यात "आता मी थांबतो" वाचलं, आणि मला ते सहन झालं नाही. तू आयुष्यात कधी थांबली नाहीस आणि थांबलीस ती माझ्यासाठी. ते मी पोटात घालून दर महिन्याला पगार घेणार होते का?

परवा रविवारी वाचनालयात वाचकांचा मेळावा होता. शेषरावजी व्यासपीठावर, सचिव सुवर्णा मॅडम त्यांच्या शेजारी, गोकुळ सरही आले होते. पुस्तक-परिचय माझ्याकडे होता. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर स्पर्धेचं कोडं जसंच्या तसं काढलं. म्हटलं, आज परिचय कोड्याचाच. शेवटची चार घरं सोडून सगळं मीच भरून देते, तुम्ही फक्त चार घरं भरा.

निम्म्या लोकांनी वर तीन-सात भरलं, निम्म्यांनी सात-तीन. आधी एकमेकांना चूक म्हणाले, मग एकमेकांच्या वहीत डोकावले. सुवर्णा मॅडम शाळेत गणित शिकवायच्या. त्या उठून फळ्यापाशी आल्या, ओळ अन् ओळ बोटानं मोजली आणि म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहेत."

शेषरावजी म्हणाले, "सुडोकूला दोन उत्तरं नसतात."

मी म्हटलं, "नसतात साहेब. पण त्यातला सात पुसला की असतात. तो तुम्ही पुसला, मला तुम्हीच सांगितलंत."

हे मी माइकवरच म्हटलं, आत्या. मग मी तुझं परत आलेलं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि वाचलं. वाचून झाल्यावर गोकुळ सर आपणहून उभे राहिले. म्हणाले, "ती चार घरं मी अंदाजानंच भरली होती. रिकामी ठेवायची माझी हिंमत झाली नाही." आणि खाली बसले. शेषरावजी चहा न घेता निघून गेले.

माझ्या नव्या ऑर्डरवर सही झालेली नाही, होणारही नाही. शिपायानं कालच माझ्या टेबलाची किल्ली मागून घेतली. बाबा आधी चिडले, मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाले, "शेवटी सिंधूचीच भाची." मी घाबरलेली आहे, खोटं कशाला बोलू. पण मला पश्चात्ताप नाही. दुसरं काम बघीन. कुणी विचारलं आधीचं का सुटलं, तर खरं सांगीन.

सुवर्णा मॅडमनी कपाटातून तुझा पेपर काढून माझ्या हातात दिला, सर्वांदेखत त्यावर लिहून. सोबत पाठवते आहे. बघ.

महामाया

•

वडनेर भोलजी
२७ मार्च २०२४

महामाया,

जयभीम, माय माही.

गुलाबराव पाकीट घेऊन आला तवा मी अंगनात गहू पाखडत होती. सूप तसंच ठेवलं. तुह्यं पत्र वाचता वाचता खालीच बसली. पयले राग आला, सांगून ठेवतो. नोकरी घालवायची काय गरज होती, म्हनून तुले चार शिव्या देल्या, गुलाबरावनं ऐकल्या. मंग रडली. मंग गुलाबरावले चहा पाजला अन् सारं पत्र वाचून दाखवलं. "हे मी माइकवरच म्हटलं" तिथी तो म्हने, "बाई, पुन्हा वाचा." दोनदा वाचलं.

मंग माह्या पेपर काढला. लाल शाईचा 'अपूर्ण' आडव्या रेघेनं खोडला, वर निळ्या शाईत 'पूर्ण', खाली सुवर्णा मॅडमची सही. माफीचा शब्द नाई, पन मले माफी नव्हतीच पायजे.

तू सामान बांध अन् इकडं ये. उन्हाळा माह्याकडं काढ. दोन पोळ्या तुह्या वाट्याच्या निघतात, गरम राह्यतात. इथून नांदुरा, मलकापूर दोन्ही जवळ, काम पाहाले सोपं. अन् कोनी कामावर घेताना काही विचारलं, तं तुह्या आत्याले शिफारसपत्र लिवाले सांग. सरकारी मराठीत लिवीन.

पेपर फ्रेम करून आनला. पुढच्या खोलीत लावला, दारातून आलेल्या मानसाले पयले तोच दिसते. काल सरपंचबाई आल्या होत्या. त्या म्हने, "ताई, वर पूर्ण लिवलं हाय, मंग मधात हे चार घरं रिकामे काऊन?"

मी पेन देला त्याईच्या हातात. म्हनलं, "भरा तुमी. पन तुक्का नाई मारायचा."

त्याईनं बोटानं वर तीन-सात करून पाह्यलं, मंग सात-तीन. मंग पेन मले परत देला.

तुही आत्या